काका, माझा कान कुठंय?

आमचा फोटो स्टुडिओ कोपरखैरण्यात 2009 साली सुरू झाला. दहा बाय बाराचा गाळा, पांढरा पडदा, दोन छत्र्या आणि दाराशी झेरॉक्स मशीन. पासपोर्ट फोटो, बारशी, साखरपुडे, हंगामात लग्नं. पहिल्या सात वर्षांबद्दल सांगण्यासारखं एवढंच, की गाळ्याचं भाडं कधी थकलं नाही.

2016 मध्ये एक माथाडी गृहस्थ मुलाला घेऊन आले. तुर्भ्याच्या मार्केटमधून पाळी संपवून थेट आलेले, खांद्यावर टॉवेल तसाच. पोराला स्पर्धेच्या अर्जासाठी फोटो हवा होता. आमच्या ऑपरेटरने सवयीने चेहरा साफ केला आणि सुजल्यासारखा दिसतो म्हणून डावा कानही बारीक करून टाकला. पोरगं फोटोकडे बघतच राहिलं. "काका, माझा कान कुठंय?"

वडील म्हणाले, "दोन वर्षं मातीत घासून मोडलाय त्यानं. परत काढा."

कान सारखा घासला, दाबला गेला की कूर्चेजवळ रक्त साकळतं, घट्ट होतं आणि कानाचा कायमचा गोळा होतो. डॉक्टर त्याला इजा म्हणतील, पण तालमीत ती पैलवानाची ओळख. फोटो फुकटात परत काढून दिला आणि पुढच्याच रविवारी मी कॅमेरा घेऊन त्यांच्या तालमीत गेलो.

पहाटे पाच. पत्र्याची शेड, मारुतीची तसबीर, शेजारी खाशाबा जाधवांचा फोटो. 1952 साली हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक जिंकणारे खाशाबा कराडजवळच्या गोळेश्वरचे, आणि इथल्या बहुतेक पोरांची गावंही कराड-पाटणकडचीच. वस्तादांनी कॅमेऱ्याकडे एकदा पाहिलं आणि फावडं माझ्यापुढे धरलं. "फोटू पळून जात न्हाईत. आधी हौदा उकरा." हौदा म्हणजे कुस्तीचा मातीचा आखाडा. दहा मिनिटांत माझी कंबर गेली. पोरं मात्र रोज उकरतात, मग जोर, बैठका, सपाटे, आणि त्यानंतर कुठे कुस्तीची जोड लागते.

तिथंच एक गोष्ट कळली. लाल मातीत ताक, तेल, हळद, लिंबू, कापूर कालवलेला असतो. ती मऊ, ओलसर राहते. तिची धूळ सहसा उडत नाही. कुस्तीचे फोटो म्हटलं की धुळीच्या लोटात शड्डू ठोकणारा पैलवान हवा असतो ना, त्यातले बरेचसे लोट कुणीतरी बाजूला उभं राहून मूठभर माती उधळल्याचे असतात. आम्ही ते करत नाही. त्यापायी एक काम गेलंही: खुराकाची पावडर विकणाऱ्या एका कंपनीला लंगोटातली लहान पोरं आणि धूळ हवी होती, आईबापांना विचारायची मात्र तयारी नव्हती.

प्रकाशाने खूप छळलं. फ्लॅश पहिल्याच दिवशी बंद झाला. ढाक हा डाव मारताना डोळे दिपले तर समोरच्याची मान जाईल, हे वस्तादांचं म्हणणं बरोबरच होतं. जुन्या चोकच्या ट्यूबलाइटखाली शटर 1/500 सेकंदाला नेलं की एक फोटो पिवळट, पुढचा हिरवट. त्यात एकदा हौद्याच्या कडेला उभं राहून लेन्स बदलण्याचा शहाणपणा केला. सेन्सरवर माती बसली आणि त्याच संध्याकाळच्या लग्नात नवरीच्या कपाळावर कुंकवाशेजारी चार ठिपके जास्तीचे आले. सगळा अल्बम हाताने साफ करावा लागला.

तालमीकडून पैसे घ्यायचे नाहीत हे आधीच ठरलं होतं. दर महिन्याला सहा बाय आठच्या प्रिंट नेऊन द्यायच्या, बस. पहिलं वर्ष बायकोने वहीत हा खर्च "व्यायाम" या खात्यावर लिहिला. पण त्या प्रिंट माथाडी वसाहतीतल्या घराघरांत टीव्हीवर जाऊन बसल्या. मग कुणाच्या बहिणीचं लग्न आलं, कुणाच्या गावच्या जत्रेतल्या कुस्ती मैदानाच्या फ्लेक्ससाठी फोटो. चैत्र-वैशाखात आज आमचं निम्मं काम या फ्लेक्सचं असतं.

2020 चा लॉकडाऊन सगळ्यांचा होता तसाच आमचा. स्टुडिओ बंद, तालीमही बंद.

गेल्या वर्षी वस्तादांनी स्वतः तालमीच्या भिंतीसाठी मोठी फ्रेम मागितली. मी निवडून चाळीस फोटो नेले: धोबीपछाड, एकलंगी, हवेत उचललेली पोरं. ते सगळे बाजूला सारून त्यांनी एक उचलला. त्यात कुस्ती नव्हतीच. दोन पोरं फावड्याला टेकून जांभया देत होती.

"हाच का, वस्ताद?"

"ह्यात हौदा नीट उकरल्याला दिसतोय."