श्रीलंकेला नक्की कधी जायचं? आमचं मे महिन्याचं गणित (माझा अनुभव)

श्रीलंकेचा विषय घरात निघाला तेव्हा मला वाटलेलं वाद होईल तो बजेटवरून, पण झाला महिन्यावरून. माझे साडू एका डिसेंबरात फॅमिलीसकट जाऊन आलेले, ते म्हणाले डिसेंबरसारखा महिना नाही, लख्ख ऊन, समुद्र एकदम शांत, डोळे झाकून जा. आणि आमच्या ऑफिसातले एक साहेब, तेही डिसेंबरातच गेलेले, ते म्हणाले चुकूनही जाऊ नका हो, हॉटेलच्या खिडकीत बसून नुसता पाऊस बघितला. आता दोघंही थापा मारणाऱ्यातले नाहीत. मग खोदून विचारल्यावर कळलं की साडू गेलेले गॉल-मिरिस्साकडे म्हणजे दक्षिणेच्या किनाऱ्यावर, आणि साहेब गेलेले त्रिंकोमालीला म्हणजे वर ईशान्येला. देश एकच, महिना एकच, हवा पूर्ण उलटी.

आणि देश तरी केवढा, आपल्या महाराष्ट्रात साडेचार श्रीलंका बसतील. पण मधोमध डोंगर आहेत ना, सगळा खेळ त्यांचा. नुवारा एलिया हे गावच १८६८ मीटरवर आहे, म्हणजे आपलं कळसूबाई १६४६, त्याच्यापेक्षा उंचावर लोक भाजी विकतात. मे ते सप्टेंबर नैऋत्येकडून पाऊस येतो तो डोंगराच्या पश्चिम अंगावर रिकामा होतो आणि पलीकडे पूर्व किनारा कोरडा राहतो. मग डिसेंबर ते फेब्रुवारी वारं फिरतं, ईशान्येकडून येतं, तेव्हा पूर्व किनारा भिजतो आणि कोलंबो-गॉलकडे ऊन. हे सोलापूरच्या माणसाला वेगळं शिकवायला नको. महाबळेश्वरला धो धो कोसळत असताना आपण इथं आभाळाकडे बघत बसतो, तेच गणित, फक्त तिथं ते वर्षातून दोनदा आणि दोन्ही बाजूंनी चालतं.

श्रीलंकेचं हवामान खातं वर्षाचे चार भाग करतं. मार्च-एप्रिल पहिला मधला काळ, मे ते सप्टेंबर नैऋत्य मान्सून, ऑक्टोबर-नोव्हेंबर दुसरा मधला काळ आणि डिसेंबर ते फेब्रुवारी ईशान्य मान्सून. हे चार भाग मी कॅलेंडरच्या मागच्या पानावर लिहून फ्रिजला लावले कारण रोज कोणीतरी नवीन महिना सुचवायचं.

आता आमची अडचण. बायको शाळेत शिक्षिका, तिला सुट्टी दिवाळीत नाहीतर मे महिन्यात. जानेवारीत जायचं म्हटलं तर शाळा आहेच, आणि वरून आपली गड्डा यात्रा, संक्रांतीला सिद्धेश्वराच्या काठ्या, म्हणजे नंदीध्वजांची मिरवणूक, सोडून आई गावाबाहेर पाऊल टाकणार नाही, तो विषयच नाही. म्हणजे जगभर ‘बेस्ट टाइम’ म्हणून जे छापतात ते डिसेंबर ते मार्च आमच्यासाठी बादच. उरले दोन, आणि दोन्ही नेमके ऑफ सीझनमधले.

दिवाळी मी आधी कट केली. ऑक्टोबर-नोव्हेंबर हा असा एकच काळ आहे की जेव्हा जवळपास सगळ्या बेटावर पाऊस असतो, ही बाजू नाहीतर ती बाजू असा पर्यायच राहत नाही. शिवाय बंगालच्या उपसागरात कमी दाबाचे पट्टे तयार होतात ते याच दिवसांत. नोव्हेंबर २०२५ च्या शेवटी दित्वा चक्रीवादळानं तिथं काय केलं ते सगळ्यांनी बातम्यांत बघितलंय, दरडी कोसळल्या, डोंगरातली रेल्वे बंद पडली. दरवर्षी असं होतं असं नाही, पण आईला घेऊन, डोंगरातल्या रस्त्यांनी, त्या दिवसांत, नको.

राहिला मे. मित्राला सांगितलं तर तो म्हणाला, “काय बे, इकडं बेचाळीस डिग्रीत भाजायचं सोडून तिकडं पैसे देऊन भिजायला चाललाय होय?” आकडे बघितले तर त्याचं म्हणणं अर्ध खरं होतं. कोलंबोत मे महिन्यात सरासरी जवळपास चारशे मिलिमीटर पाऊस पडतो. आपल्याकडे अख्ख्या वर्षात सहा-सातशे पडला तरी लोक म्हणतात यंदा बरं झालं. पण त्याच मे महिन्यात त्रिंकोमालीला पन्नासच्या आसपास, आणि जूनमध्ये त्याहून कमी. तेच नोव्हेंबर-डिसेंबरात तिथं साडेतीनशेच्या घरात जातो, साहेब भिजले ते त्यात. म्हणजे मे वाईट नाही, मेमध्ये कोलंबोच्या बाजूला समुद्र बघायला जाणं वाईट.

आणि अजून एक, महिना म्हटला तरी १ मे आणि ३१ मे सारखे नसतात. केरळात मान्सून १ जूनच्या आसपास येतो, श्रीलंकेत त्याच्या आठ-दहा दिवस आधी. त्याआधीचा पाऊस वेगळ्या जातीचा असतो. सकाळी कडक ऊन, दुपारी दोन-तीननंतर ढग गोळा होऊन गडगडाट, तासदोन तास झोडपून परत मोकळं. आपल्या वळवाचाच भाऊ. शाळेचा निकाल १ मेला लागतो, त्यामुळे निकाल वाटून झाला की लगेच निघायचं आणि महिना अर्धा व्हायच्या आत परत यायचं असं ठरलं.

इथं मोबाईलमधल्या वेदर ॲपबद्दल बोलायलाच पाहिजे. बायकोनं ॲप उघडलं तर सगळ्या दिवसांवर ढग, वीज आणि पावसाचं चित्र. ती म्हणाली, “अहो हे बघा, रोज पाऊस आहे, कॅन्सल करा.” दिवसाचं ते एक चित्र बघायचंच नाही. तासातासाचं बघायचं. दुपारी तीनला अर्धा तास पाऊस असला तरी ॲप अख्ख्या दिवसाला ढगाचं चित्र चिकटवतं. आणि दोन आठवडे पुढचा अंदाज तर बघूच नये, उष्ण प्रदेशातल्या गडगडाटी पावसाचा नेमका दिवस इतक्या आधी कोणीच सांगू शकत नाही. तीन-चार दिवस आधीचा बघावा, तोही जागेचं नाव टाकून, नुसतं श्रीलंका टाकून नाही.

एका एजंटकडून पॅकेज मागवलं. रेट चांगला होता, खोटं कशाला बोला, फोर स्टार हॉटेल आणि तीन रात्री बेंटोटा बीच. बेंटोटा म्हणजे नैऋत्य किनारा, मेमध्ये तिथं समुद्र खवळायला लागतो, लाल झेंडे लागतात, पोरांना पाण्यात सोडता येत नाही. रेट कमी का ते इथं कळलं. मी म्हणालो बीच बदलून पूर्वेचा द्या, त्रिंकोमालीजवळच्या निलावेलीचा, तर म्हणाले सर तिकडे आपला टायअप नाही, आणि आपले सगळे क्लायंट बेंटोटालाच जातात. जात असतील. मी मग हॉटेलं स्वतःच बुक केली आणि व्हॉट्सॲपवरून तिथलाच एक ड्रायव्हर गाडीसकट ठरवला. त्याला रूट पाठवला तर त्याचा पहिला रिप्लाय, या दिवसांत पूर्वेचा समुद्र चांगला, बरोबर घेतलाय. तेवढ्यावर मला शांत झोप लागली.

रूटमध्ये एक गोष्ट मुद्दाम केली ती सांगतो कारण मला ती कुठल्याच आयत्या पॅकेजमध्ये दिसली नाही. डोंगर आधी, समुद्र शेवटी. मे जसा पुढे सरकतो तसा डोंगराच्या पश्चिम बाजूला पाऊस वाढत जातो आणि पूर्व किनारा उलट कोरडा होत जातो. म्हणून विमानतळावरून सरळ कँडी, मग नुवारा एलिया, मग सिगिरिया आणि शेवटी त्रिंकोमाली. ड्रायव्हिंग जास्त पडतं, नुवारा एलिया ते सिगिरिया तर अख्खा दिवस जातो, पण चालतंय.

जाताना सोलापूरहून रेल्वेनं चेन्नई, तिथून कोलंबो, विमान जेमतेम सव्वा-दीड तासाचं. मुंबईपर्यंत जाऊन तिथून विमान धरण्यापेक्षा आम्हाला हे स्वस्त पडलं, तुम्ही तुमच्या तारखांचं बघा. ईटीए, म्हणजे तिकडे जायचा ऑनलाइन परवाना, आधीच काढून ठेवला, त्यात सांगण्यासारखं काही नाही, फक्त अधिकृत सरकारी साइटवरूनच काढा, त्याच नावाच्या भलत्या साइट्स जास्त पैसे घेतात.

कँडीत रोज दुपारी अगदी टायमानं पाऊस आला. म्हणून सकाळी बाग, फिरणं वगैरे, दुपारी हॉटेल आणि संध्याकाळी दंतमंदिरात, म्हणजे बुद्धाचा दात ठेवलाय त्या देवळात, पूजेच्या वेळेला. तिथं सगळं छपराखाली, बाहेर पडेना का कितीही. नुवारा एलियाला जायचं ते आईसाठी, सीता एलियाचं सीता अम्मन मंदिर, पाच-सहा किलोमीटरवर, जवळच हाकगला बाग, तिकडचे लोक त्या भागालाच अशोकवाटिका मानतात. सकाळी आठलाच गेलो. मंदिराच्या कडेनं ओढा वाहतो, खडकावर खळगे आहेत ती मारुतीची पावलं म्हणून दाखवतात. आई त्या पाण्यात हात घालून बराच वेळ बसली, आम्ही गप उभे. बाराच्या आत परत फिरलो आणि नंतर धुकं आलं ते असं की समोरची गाडी दिसेना. मे महिन्यात स्वेटर घातलेले फोटो गावाकडच्या ग्रुपवर टाकले, तर खाली सगळ्यांच्या शिव्या.

सिगिरियाला गेट उघडतं तेव्हाच उभं राहायचं, दुसरा मार्गच नाही. बाराशेच्या आसपास पायऱ्या, आणि मेमधलं तिथलं ऊन कडक नसलं तरी दमट, आपल्या कोरड्या उन्हाची सवय असलेला माणूस तिथं घामानं बेजार होतो. थर्मामीटर बत्तीस दाखवतंय आणि शर्ट पिळून निघतोय. मी आणि पोरं चढलो, दहाच्या आत खाली. पाचव्या शतकात काश्यप राजानं त्या खडकावर महाल बांधला, कसा बांधला असेल ते वर गेल्याशिवाय कळत नाही.

या दमटपणाचा खरा फटका बसला आमच्या कडक भाकऱ्यांना. आईनं बाजरीच्या कडक भाकऱ्यांचा गठ्ठा आणि शेंगाचटणी घेतलेली, सोलापुरात त्या भाकऱ्या महिनाभर कडकडीत राहतात. नुवारा एलियाच्या धुक्यातच त्या निम्म्या नरम पडल्या, आणि त्रिंकोमालीत डबा उघडला तर भाकरी मोडायला गेलं की वाकते, तुटत नाही. आईला ते काही सहन झालं नाही. ती सरळ हॉटेलच्या किचनमध्ये गेली, भाषा येत नाही, खाणाखुणा करून तवा मागितला आणि स्वतः उभी राहून एकेक शेकली. तिथल्या आचाऱ्यानं चटणी चाखली, परत मागितली आणि बदल्यात वाटीभर पोल सांबोल दिलं, ओलं खोबरं आणि लाल मिरची कुटून करतात ते. भाकरीबरोबर फर्स्ट क्लास लागतं, खोटं नाही.

निलावेलीचा समुद्र मात्र जसा वाचलेला तसाच निघाला. पाणी गुडघ्यापर्यंत आणि तळ दिसतोय, लाट म्हणजे नावालाच. पोरं बाहेर यायला तयार नाहीत. बोटीनं पिजन आयलंडला जाऊन मासे बघून आलो, कोणेश्वराचं दर्शन झालं, कन्नियाचे गरम पाण्याचे सात हौद झाले. दुपारी डोंगराकडून गरम कोरडा वारा सुटतो, त्याला तिकडे कचान म्हणतात, पश्चिमेकडे पाऊस सांडून तोच वारा इकडे उतरतो. बायको म्हणाली हा तर आपल्याच घरचा वारा. त्याच संध्याकाळी ड्रायव्हरनं त्याच्या घरी फोन लावला, कोलंबोच्या बाजूला धुवाधार चाललेलं.

परतताना बुद्धपौर्णिमा आली, तिकडे वेसाक. याचा अंदाज तारखा ठरवताना घेतलेला बरा. दोन दिवस सरकारी सुट्टी, दारू आणि मटणाची दुकानं बंद, रस्त्यांवर गर्दी. पण दंबुल्ला-कुरुनेगलाच्या रस्त्यावर गावोगावी कागदी कंदील आणि दन्सल, म्हणजे फुकट जेवणाचे मांडव, पोरं गाड्या अडवून अडवून सरबत देतात. आम्हाला वेळेचं बंधन होतं तरी दोनदा उतरलो.

ज्यांना दिवाळीशिवाय सुट्टीच नाही त्यांनी माझ्या मते दुसरा देश बघावा. जून ते ऑगस्टमध्ये जमत असेल तर पूर्व किनारा डोळे झाकून, आणि ऑगस्ट-सप्टेंबरात मिन्नेरियाच्या तलावावर हत्तींचे कळप उतरतात तेही होईल. पण याला नॅशनल पार्कातल्या बिबट्यांसाठी जाणार असाल तर सप्टेंबर ते ऑक्टोबर मध्यापर्यंत तिथला मुख्य ब्लॉक बहुतेक वेळा बंद ठेवतात, आधी विचारा. श्रीपादाचं शिखर, म्हणजे ॲडम्स पीक, चढायचं असेल तर डिसेंबरच्या पौर्णिमेपासून वेसाकपर्यंतच सीझन, बाकी वेळी वर दिवे नसतात आणि पाऊस-वारा. एप्रिलच्या १३-१४ तारखेला त्यांचं नवीन वर्ष, दुकानं बंद आणि नुवारा एलियाचे रेट डबल. आणि ख्रिसमसच्या सुट्टीत पोरांना घेऊन जाणाऱ्यांनी दक्षिण किनाराच धरा, फक्त रूम दसऱ्याच्या आधी बुक करा, कारण नंतर जे रेट लागतात ते ऐकून साडूंनी मला परत फोनच केला नाही.