तुम्ही विचारलंत म्हणून: बूस्टर परत आणणं परवडलं का?

नासाच्या शटल यानावर, त्याला वर ढकलून समुद्रात पडणाऱ्या दोन बूस्टर रॉकेटांवर, काम केलंय म्हटलं की हा प्रश्न येतोच. विचारणारा बहुधा उत्तर ठरवूनच आलेला असतो.

पैसे फारसे वाचले नाहीत. तरुणपणी मी तावातावाने उलटं सांगायचो, ते चूक होतं. 45 मीटरचं पोलादी नळकांडं पॅराशूटवर येऊनही पाण्यावर आपटतं आणि खारं पाणी सगळीकडे शिरतं. पाणबुडे नॉझलमध्ये, म्हणजे जळते वायू बाहेर पडतात त्या तोंडात, बूच बसवून आत हवा भरत, तेव्हा उभा तरंगणारा बूस्टर आडवा व्हायचा आणि जहाज तो ओढून आणायचं. मग धुवा, एकेका सांध्याच्या 177 पिना काढा, रेल्वेने युटातल्या कारखान्यात पाठवा. 1982 मध्ये शटलच्या चौथ्या उड्डाणाचे दोन्ही बूस्टर तर बुडालेच.

पण जळून परत आलेला बूस्टर पुस्तकासारखा वाचता येतो. माझं उत्तर ते आहे.

जानेवारी 1985. कडाक्याच्या थंडीपाठोपाठ डिस्कव्हरी शटल उडाली. बूस्टर आले, सांधा उघडला. वायू बाहेर येऊ नये म्हणून सांध्यात बसवलेल्या दोन रबरी ओ-रिंगांमधलं ग्रीस एरवी फिकट असतं, ते कोळशासारखं काळं. बोट फिरवलं तर हातमोज्याला काजळी लागली. म्हणजे पहिली रिंग ओलांडून गरम वायू आत आला होता. मी डाग मोजला, फोटो काढले, नोंद केली आणि घरी गेलो. पुढचं उड्डाण कसं करणार, हे कुणालाच विचारलं नाही. आपलं काम पाहायचं, ठरवायचं नाही, असं मी तेव्हा मानत होतो.

28 जानेवारी 1986 ची सकाळ त्याहून थंड होती. चॅलेंजर शटलच्या उजव्या बूस्टरचा सांधा फुटला, सात जण गेले. त्या बूस्टरचे तुकडेही समुद्रातूनच काढले, जळून पडलेल्या भोकासकट.

"तुम्ही काय करू शकला असता?" असं लोक म्हणतात, मला बरं वाटावं म्हणून. वाटत नाही. आदल्या रात्री जे अभियंते एवढ्या थंडीत उडवू नका असं बोलले, त्यांचं कुणी ऐकलं नाही. मी तर बोललोच नव्हतो.

मग परत आणून उपयोग काय झाला? हे मीही स्वतःला विचारतो, आणि दर वेळी वेगळं उत्तर येतं.

नासाच्या नव्या चांद्र-रॉकेटच्या, एसएलएसच्या, बूस्टरना शटलचेच जुने पोलादी भाग लावलेत, पण ते आता समुद्रातून आणत नाहीत. हिशेब मला पटतो. तरी नोव्हेंबर 2022 मध्ये त्याच रॉकेटचं आर्टेमिस मोहिमेतलं उड्डाण पाहताना बूस्टर सुटले आणि मला ग्रीसच आठवलं. त्या सांध्यांमधलं ग्रीस कसं दिसत होतं, ते कुणालाच पाहता येणार नाही.