तुम्ही विचारलंत म्हणून: आमची जोडी परत का येत नाही

माझा रॅपमधला पार्टनर देवाधर्माला लागला आणि आमची जोडी फुटली. "परत एकत्र कधी येताय?" हा प्रश्न आधीही यायचाच, पण 2025 च्या जुलैत क्लिप्स या अमेरिकन रॅप जोडीचा नवा अल्बम आला तेव्हापासून लोकांना पुरावाच मिळालाय. म्हणे त्यातल्या मॅलिसनेही देवासाठी सगळं सोडलं होतं, नाव बदलून नो मॅलिस केलं होतं, तरी आला ना पुशा टीबरोबर परत! अहो, एक तर ते सख्खे भाऊ. आणि त्याने रॅप सोडलंच नव्हतं, 2013 मध्ये सोलो अल्बम काढला होता, सोडल्या होत्या त्या फक्त कोकेन विकण्याच्या बढाया. त्यांचा मॅनेजर ड्रग्जच्या केसमध्ये आत गेला होता, तेव्हा ते वळण समजू शकतो. माझ्या पार्टनरच्या बाबतीत असलं काहीच घडलं नव्हतं, निदान मला दिसेल असं तरी. (धर्म कुठला ते सांगत नाही, लगेच बाजू घ्याल.)

झालं काय, आमची स्टाइलच अशी की ओळ मी अर्धी सोडायची आणि शेवटचा शब्द त्याने हाणायचा. एका शोला आमच्या सगळ्यात चाललेल्या गाण्यात, जिथे आईवरून शिवी येते तिथे हा गप्प. मला वाटलं माइक गेला. पुढच्या व्हर्सला बघतो तर माइक मांडीला टेकवून उभा, ओठ घट्ट मिटलेले, बीट चालूच, आणि ती रिकामी जागा पब्लिक ओरडून भरतंय, त्यांना वाटलं आपल्याला चान्स दिलाय. उरलेलं अख्खं गाणं मी दोघांचं म्हटलं, शेवटी शेवटी श्वास पुरेना. खाली आल्यावर भांडायला तोंड उघडलं तर हाच शांतपणे म्हणतो, जुन्या गाण्यांतून माझा आवाज काढून टाक.

मी डीएमएक्स या अमेरिकन रॅपरचं नाव पुढे केलं. एकाच अल्बममध्ये शिव्याही आणि प्रार्थनाही, चाललं की त्याचं! तर म्हणाला, "50 व्या वर्षी गेला तो." यावर काय बोलणार?

तेव्हा मी सगळ्यांना सांगत फिरायचो की देवाने त्याचं लिखाण खाल्लं. सोपं होतं ते सांगणं. पण ज्या ओळी त्याला आता पाप वाटतात त्यातल्या निम्म्या त्यानेच लिहिल्यात, आणि मी अजून स्टेजवर त्याच म्हणतो, मग मी कोण झालो? कधी वाटतं त्याचंही बरोबर असेल, कधी वाटतं हा माझ्यावरच टाकलेला डिस, म्हणजे रॅपमधला टोमणा आहे, तोही देवाच्या आडून.

आवाज मी काढलेला नाही. काढणारही नाही. स्ट्रीमिंगच्या पैशातला त्याचा अर्धा वाटा पाठवतो, तो परत येतो, सोबत एक शब्द नसतो. तेव्हा पुढच्या वेळी हा प्रश्न त्याला विचारा, आणि काय म्हणाला ते मलाही कळवा.