रेडियल नर्व्ह, मराठीतून

'मॅडम, दहावीपर्यंत मराठी मीडियम होतं, इंग्लिश टर्म्स डोक्यात बसत नाहीत.' मेडिकल कॉलेजात अ‍ॅनाटॉमीत, म्हणजे शरीररचनाशास्त्रात, ट्यूटर असल्यामुळे हे दर वर्षी ऐकते. एवढं सगळं खापर टर्म्सवर फोडू नये, असं मला वाटतं, आणि त्याचं कारण एक वायवा, म्हणजे तोंडी परीक्षा, आहे.

अप्पर लिंबचा, म्हणजे हाताचा, पार्ट संपला होता. समोर परभणीकडचा एक मुलगा, ट्रेमध्ये डिसेक्ट केलेला हात. हातातल्या रेडियल नर्व्हचा कोर्स, म्हणजे ती कुठून कुठे जाते तो मार्ग, विचारला. "रेडियल नर्व्ह इज... इज गोइंग..." इथेच गाडी रुतली. शेजारच्या सरांनी मार्कशीट पुढे ओढली. मी म्हटलं, "अरे, मराठीत सांग. पण फोर्सेप्सने, या चिमट्याने, दाखवत."

"ही पोस्टेरियर कॉर्डमधून निघते, मॅडम. प्रोफंडा ब्रेकाय आर्टरीला सोबत घेऊन ट्रायसेप्सचं लाँग हेड आणि ह्यूमरस यांच्या फटीतून मागे जाते. हाडाला चिकटून स्पायरल ग्रूव्हमधून तिरकी उतरते. मग हा लॅटरल सेप्टम भोसकून पुढे येते." फोर्सेप्सचं टोक नेमकं त्या भोकावर. "कोपराशी दोन फाटे फुटतात. एक वरवरून खाली जातो, दुसरा सुपिनेटरमध्ये घुसून रेडियसच्या मानेला वळसा घालतो."

"हाड इथे मोडलं तर?"

त्याने स्वतःचा हात पुढे धरून मनगट लुळं सोडलं. "पण कोपर बऱ्याचदा सरळ करता येतं. ट्रायसेप्सच्या बऱ्याच फांद्या वरच सुटलेल्या असतात." हे मी विचारलंही नव्हतं.

एकही नाव चुकलं नाही. चुकणार कसं? ती नावं ग्रीक-लॅटिन, कॉन्व्हेंटवाल्या मुलीही ती घोकूनच पाठ करतात. हा अडला तो 'अराइजेस', 'पिअर्सेस', 'वाइंड्स राउंड' यांच्यापाशी. 2019 च्या एमबीबीएसच्या अभ्यासक्रमात पहिल्या महिन्याचा फाउंडेशन कोर्स आला, त्यात भाषाही आहे. मुलांना 'आयटिस' (सूज) आणि 'एक्टॉमी' (कापून काढणे) हे शब्दांचे शेवट पाठ असतात, पण ही क्रियापदं कुणी वेगळी काढून शिकवत नाही. 'डीप टू', म्हणजे 'च्या खाली, आतल्या बाजूला', याचा घोळ तर इंग्लिश मीडियमवालेही घालतात. कोण कुणाच्या खाली, हेच उलटं सांगतात.

दुसऱ्या दिवशी डेमोच्या आधी मी फळ्यावर क्रियापदं लिहिली. पिअर्सेस, भोसकून जाते. गिव्ह्ज ऑफ, फांदी देते. ट्रॅव्हर्सेस, आरपार जाते. बॅच हसली आणि सगळ्यांनी उतरवून घेतलं.

लोअर लिंबच्या, म्हणजे पायाच्या, वायव्याला तोच मुलगा, सायटिक नर्व्ह. "इमर्जेस बिलो पिरिफॉर्मिस, देन डीप टू ग्लुटियस मॅक्सिमस." इज-आर अजून डळमळीतच. मी पूर्ण मार्क दिले, सरांनी ग्रामरसाठी अर्धा कापला. त्यावरून आमचं स्टाफरूममध्ये अजून मिटलेलं नाही.