फंडिंग रेटची नोंद : स्पॉटची बाजू का सोडली

बिटकॉइनच्या पर्पेच्युअल वायद्यातील फंडिंग रेटवर उत्पन्न मिळवण्याचा माझा प्रयोग सुरू आहे. या टप्प्यात त्याची रचना मुळापासून बदलली असून त्याचे कारण बाजारात नाही, तर आयकर कायद्यात आहे. म्हणून ते सविस्तर मांडतो.

बिटमेक्स या क्रिप्टो एक्स्चेंजने २०१६ मध्ये बाजारात आणलेल्या या वायद्याला एक्स्पायरी, म्हणजे मुदत संपण्याची तारीख, नसते. त्याचा भाव स्पॉटच्या, म्हणजे प्रत्यक्ष नाण्याच्या रोख भावाच्या, जवळ राहावा यासाठी ठरावीक वेळेने एक बाजू दुसरीला रक्कम देते, तेच फंडिंग : वायदा चढा असेल तर तेजीवाले मंदीवाल्यांना देतात, उतरला असेल तर उलट. अनेक मोठ्या एक्स्चेंजवर हा व्यवहार दर ८ तासांनी, म्हणजे आपल्याकडे पहाटे ५:३०, दुपारी १:३० आणि रात्री ९:३० वाजता होतो. शिवाजी पेठेतील ओळखीच्या एका काकांनी मुंबई शेअर बाजारातील जुने सौदे जवळून पाहिले आहेत. त्यांना हे समजावून सांगू लागलो, तेव्हा ते मध्येच म्हणाले, “अरे, म्हणजे हा बदलाच की!” ते बरोबर आहे. सेबीने २ जुलै २००१ पासून बंद केलेल्या त्या पद्धतीत सौदा पुढे ओढणारा तेजीवाला बदला भरत असे, आणि मंदीचे सौदे फार वाढले की उंधा बदला लागून मंदीवाल्याला पैसे मोजावे लागत.

माझी पहिली रचना सर्वांच्या परिचयाची होती : स्पॉटमध्ये बिटकॉइन घ्यायचे, तेवढ्याच रकमेचा वायदा शॉर्ट करायचा (आधी विकून मंदीची बाजू घ्यायची), आणि भाव कुठेही गेला तरी फंडिंग घेत राहायचे. बाजार शांत असताना अनेक ठिकाणी दर ०.०१ टक्क्यावर टिकून राहतो. दिवसाला तीनदा धरले तर वर्षाचे १०.९५ टक्के होतात. हा दर मार्जिनवर (तारण म्हणून ठेवलेल्या रकमेवर) नव्हे, तर पोझिशनच्या, म्हणजे उघड्या सौद्याच्या, पूर्ण किमतीवर लागतो. मात्र स्पॉटचे शुल्क ०.१ टक्का आणि वायद्याचे ०.०५ टक्का धरले, तर घेऊन विकेपर्यंत ०.३ टक्के जातात आणि ते भरून यायलाच १० दिवस लागतात. केवळ सेटलमेंटच्या (फंडिंग चुकते होण्याच्या वेळेच्या) तोंडावर शिरून लगेच बाहेर पडण्यात म्हणूनच काही हशील नाही.

खरी अडचण पुढे आहे. १ एप्रिल २०२२ पासून क्रिप्टोच्या विक्रीवरील नफ्यावर ३० टक्के कर लागतो, सेस धरून ३१.२ टक्के, आणि या नफ्यातून कोणताही तोटा वजा करता येत नाही. समजा १०० रुपयांना घेतलेले नाणे १५० ला गेले. स्पॉटमध्ये ५० चा नफा, शॉर्टमध्ये ५० चा तोटा. कागदावर हिशेब शून्य. पण नाणे विकताच ५० वर १५.६० रुपये कर पडतो, आणि तेवढ्या काळात मिळालेले फंडिंग ३-४ रुपयांच्या पुढे सहसा जात नाही. भाव पडला तर स्पॉटचा तोटा वाया जातो आणि शॉर्टचा नफा मात्र करपात्र राहतो. त्यात विक्रीच्या रकमेवर १ टक्का टीडीएस (आगाऊ कापला जाणारा कर) अडकून पडतो, तो वेगळाच. परदेशी लेखांमध्ये ‘निर्धोक’ म्हणून सांगितलेली ही जोडी आपल्याकडे करानंतर समतोल राहतच नाही, असे माझे ठाम मत झाले आहे.

म्हणून आता दोन्ही बाजू वायद्यातच ठेवल्या आहेत. रुपयांत सेटल होणारे वायदे देणाऱ्या दोन भारतीय एक्स्चेंजपैकी जिथे फंडिंग जास्त तिथे शॉर्ट आणि जिथे कमी तिथे लॉंग (तेजीची बाजू). हातात नाणे येतच नसल्याने दोन्ही बाजूंचा नफातोटा एकाच हिशेबात मांडता येतो, असे माझ्या सीएंचे मत आहे. लिमिट ऑर्डरचे (भाव आधी ठरवून दिलेल्या ऑर्डरचे) शुल्क ०.०२ टक्का आणि त्यावर १८ टक्के जीएसटी धरला, तर दोन्हीकडे शिरण्याच्या आणि बाहेर पडण्याच्या चारही सौद्यांचा खर्च ०.०९४४ टक्के होतो. दोन दरांतील फरक ०.०१ टक्का टिकला, तर तो साधारण सव्वातीन दिवसांत वसूल होतो. फरक टिकणे ही मात्र मोठी अट आहे.

त्यासाठी मी संध्याकाळी ७ आणि रात्री ९:३० अशा दोन वेळांचे दर शीटमध्ये शेजारी-शेजारी लिहितो. पडद्यावर दिसणारा दर अंदाजच असतो, कारण तो मधल्या काळातील प्रीमियमच्या (वायदा आणि स्पॉट यांच्या भावातील फरकाच्या) सरासरीवर ठरतो आणि काही एक्स्चेंज या सरासरीत शेवटच्या मिनिटांना अधिक वजन देतात. सातला ०.०२१ दिसलेला दर साडेनऊला ०.०१४ झाल्याची नोंद माझ्याकडे आहे. ज्या ठिकाणी सेटलमेंट दर ४ तासांनी होते, तिथला दर दुप्पट करून मगच तुलना करावी लागते.

लिव्हरेज, म्हणजे मार्जिनच्या किती पट पोझिशन घ्यायची ते, दोन्हीकडे दुपटीपलीकडे नेत नाही. भाव चढला की शॉर्टच्या खात्यातील मार्जिन आटते आणि लॉंगच्या खात्यात नफा साचतो. पण एका एक्स्चेंजवरचा पैसा दुसऱ्याच्या मदतीला आपोआप जात नाही. शिवाय मोठ्या पडझडीत ऑटो-डिलेव्हरेजिंग लागू शकते, म्हणजे एक्स्चेंज नफ्यातील पोझिशनही स्वतःहून बंद करू शकते. ११ ऑक्टोबर २०२५ रोजी मध्यरात्रीनंतर बाजार कोसळला, तेव्हा दिवसभरात १९ अब्ज डॉलरहून अधिक पोझिशन लिक्विडेट झाल्या (मार्जिन संपल्याने सक्तीने बंद झाल्या), आणि काही एक्स्चेंजनी नफ्यातील शॉर्ट स्वतःहून बंद केले. अशा वेळी शॉर्ट सुटतो, लॉंग उघडा पडतो आणि तोही पडत्या भावात.

पुढच्या टप्प्यात एक बाजू बंद होताच दुसरीही बंद करणारी छोटी स्क्रिप्ट एपीआयवर (एक्स्चेंजशी प्रोग्रॅमने थेट जोडून) चालवणार आहे. सध्या ती टेस्टनेटवर, म्हणजे खरे पैसे नसलेल्या चाचणीच्या बाजारावर, आहे.