शंभरामागे सव्वाशे

दुपारी जेवून जरा आडवं व्हावं, तर उशाशी फोन थरथरला. 'आपला प्लॅन दोन दिवसांत संपत आहे.' दुसऱ्या सिमचा. या सिमवरून मी कुणाला फोन करत नाही, त्यावर मला कुणी करत नाही. बँकेच्या ओटीपीपुरतं ते जिवंत ठेवलंय. बँकेत जाऊन नंबर बदलायचा म्हणजे फॉर्म, झेरॉक्स आणि 'सही जुळत नाही'. त्यापेक्षा रिचार्ज परवडलं. तेही दर अठ्ठावीस दिवसांनी! कंपन्यांनी महिना अठ्ठावीस दिवसांचा केला आणि वर्षाला तेरावा महिना चिकटवला. अधिकमास निदान तीन वर्षांनी येतो आणि जावयाला वाण तरी मिळतं. निदान एक प्लॅन तीस दिवसांचा ठेवा, असं २०२२ मध्ये ट्रायनं, म्हणजे दूरसंचार नियामकानं, बजावलं. ठेवलाय. शोधावा लागतो.

ट्राय दर महिन्याला ग्राहकांचे आकडे काढते आणि ते वाचायचा मला नाद आहे. लोक क्रिकेटचा स्कोअर बघतात, मी दूरध्वनी घनता बघतो. शहरांत शंभर माणसांमागे सव्वाशेहून जास्त कनेक्शनं आहेत. या शंभरात पाळण्यातली पोरंही आली. आता पाळण्यातल्या पोराच्या नावावर सिम नाही, म्हणजे त्याच्या वाटचं माझ्यासारखं कुणीतरी वापरतंय. सरकारी हिशोबात मी दोन माणसं आहे.

१९९१ साली देशात ८४ कोटी माणसं होती आणि फोन ५० लाखांच्या आसपास. शंभरामागे जेमतेम अर्धा. आमच्या वाट्याचा तो अर्धा फोन माडीवरच्या काकूंकडे होता. काळा, जड, क्रोशाच्या रुमालाखाली झाकलेला, आणि डायलच्या भोकात इवलंसं पितळी कुलूप. किल्ली काकूंच्या कमरेला. कुलूप लावलं की डायल फिरत नाही एवढंच काकूंना ठाऊक. पण रिसीव्हर ठेवायची ती खुंटी टिचक्यांनी दाबली तरी नंबर लागतो, हे वाड्यातल्या पोरांना ठाऊक. चारला चार टिचक्या, शून्याला दहा. लय चुकली की भलत्याच घरी लागायचा. नंबरात दोन शून्यं असलेला मित्र आम्हाला परवडायचा नाही.

फोन काकूंचा असला तरी नंबर सगळ्यांचा होता. लग्नपत्रिकेवर, नोकरीच्या अर्जावर, दुकानाच्या पावतीवर तोच, पुढे कंसात 'पी. पी.', म्हणजे फोन शेजाऱ्यांचा, निरोप आमचा. पलीकडच्याला दहा मिनिटांनी करायला सांगून काकू सज्जातून हाक मारायच्या, "अहोऽ, मुंबईचा फोन!" की ज्याचा असेल तो अर्ध्या दाढीचा साबण तसाच ठेवून जिना चढायचा. दिवाणखान्यातली मंडळी पेपरात डोकं घालून बसायची, पण एकाचंही पान उलटायचं नाही. त्यामुळे बोलणाऱ्याच्या तोंडून 'हो', 'बरं', 'मग पत्रानं कळवतो' याशिवाय काही निघत नसे. आमच्या वाड्यात तीन लग्नं त्या फोनवर ठरली आणि सगळ्यांत शेवटी कळलं ते नवऱ्या मुलींना.

आमच्या घरी फोन आला तेव्हा नंबर लावून इतकी वर्षं झाली होती, की अर्ज कुठल्या कपाटात आहे हेच कुणाला आठवेना. पेढे मात्र वाटले.

३१ जुलै १९९५ ला पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसूंनी कलकत्त्याहून दिल्लीला केंद्रीय दूरसंचारमंत्री सुखराम यांना देशातला पहिला मोबाइल कॉल केला. पुढची काही वर्षं त्या यंत्रावर उचलणाऱ्यालाही पैसे पडत. माझा मामा तो कमरेला लावून फिरायचा आणि वाजला की शेजारच्या पीसीओत धावायचा. २००३ मध्ये इनकमिंग फुकट झालं, २००४ मध्ये मोबाइलनं लँडलाइनला मागे टाकलं. मग आपण मिस्ड कॉलची भाषा काढली. एक रिंग, पोचलो. दोन रिंगा, खाली ये. कंपन्यांना त्यातून छदाम मिळत नव्हता.

त्याचं उट्टं त्यांनी २०१८ च्या अखेरीला काढलं. नुसतं इनकमिंग चालू ठेवायलाही किमान रिचार्ज, ३५ रुपये. पुढच्या काही महिन्यांत देशातली कोट्यवधी कनेक्शनं गळाली. युद्ध नाही, साथ नाही, माणूस एक कमी झाला नाही. नुसती ड्रॉवरमधली दुसरी सिमं मेली. माझं वाचलं, बँकेच्या कृपेनं.

खेड्यांत हाच आकडा अजून शंभरामागे साठीच्या आतबाहेर घुटमळतो. हे मी नेहमी वाचतो आणि पुढे जातो. पण हे खेडं आमच्या स्वयंपाकघरातही येतं. आमच्याकडे पोळ्या करायला येणाऱ्या मावशींचा गेल्या आठवड्यात एक सरकारी अर्ज भरायला बसलो. नाव, गाव, आधार, सगळं झालं आणि ओटीपी गेला मुलाच्या फोनवर. आधारला नंबर त्याचाच जोडलेला. मावशींकडे स्वतःचा फोन नाही. "कशाला दोघांना दोन?" म्हणाल्या. मुलगा चाकणला कंपनीत, फोन गेटवर जमा करावा लागतो. ओटीपी टिकतो दहा मिनिटं, शिफ्ट आठ तासांची. मावशी पिठाचा हात पदराला पुसत माझ्या स्क्रीनवरची उलटी मोजणी बघत उभ्या होत्या. माझ्या हातात दोन सिमांचा फोन. सरासरीत आम्हा दोघांना एकेक येतो.

मुलगा सुटतो अकराला. तेव्हा करू म्हणाल्या, पण तेव्हा त्या त्यांच्या घरी आणि मी माझ्या. मग रविवारी करायचं ठरलंय. रविवारी त्याला ओव्हरटाइम नसला म्हणजे मिळवली.