आमची वाटचाल : ट्रकच्या गिअरबॉक्सपासून छोट्या गाडीच्या क्लचपर्यंत

मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन महामार्ग धुळ्यात एकमेकांना छेदतात. आमच्या पोटापाण्याची सोय त्यातूनच झाली. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, चाळीसगाव चौफुलीच्या बाजूला पत्र्याचं शेड टाकलं ते ट्रकच्या गिअरबॉक्सच्या कामासाठी. लळिंगचा घाट चढून आलेल्या टाटा १२१० चे गिअर सटकायचे, दात उडायचे, आणि ड्रायव्हरला गाडी सकाळपर्यंत हवी असायची. त्या काळाचं फार कौतुक सांगत बसत नाही. काम भरपूर होतं, उधारीही तेवढीच.

छोट्या गाड्या आमच्याकडे आल्या त्या ऑटोमॅटिकमुळे, म्हणजे क्लचचा पेडल नसलेल्या, आपोआप गिअर बदलणाऱ्या गाड्यांमुळे. मुंबई-पुण्यात जुनी ऑटोमॅटिक गाडी स्वस्तात सुटते. आपल्याकडचा माणूस किंमत बघून खूश होतो आणि घेऊन येतो. पुढे कधीतरी ती डी (ड्राइव्ह) मध्ये टाकली तरी जागची हलत नाही. मग कळतं की हे काम करणारा मिस्त्री जवळपास नाही आणि शहरातून आलेला दुरुस्तीचा आकडा गाडीच्या किमतीला जाऊन भिडतोय. धक्का मारून चालू करावी, तर ऑटोमॅटिकला तीही सोय नाही.

पहिली गाडी दोंडाईच्याच्या एका मिरची व्यापाऱ्याची. कार्ब्युरेटरची जुनी मारुती झेन, तीन गिअरची ऑटोमॅटिक. अण्णांसमोर चावी ठेवून म्हणाले, "हिले साधा गियर बसाडी द्या, अण्णा." अण्णांनी उतरवलेला गिअरबॉक्स दोन्ही हातांनी हलवून पाहिला आणि मला सांगितलं, "आधी हिच्यासारखीच एक मेलेली गाडी शोध."

ऑटोमॅटिक गाडी मॅन्युअल, म्हणजे हाताने गिअर टाकायची, करून देणं हे आमचं काम, आणि ते वाक्य आजही त्याचा पाया आहे. लोकांना वाटतं एक गिअरबॉक्स काढायचा, दुसरा लावायचा, झालं. गिअरबॉक्स हे त्यातलं सगळ्यात सोपं काम. ऑटोमॅटिकमध्ये इंजिनच्या मागे पातळ फ्लेक्स प्लेट असते आणि तिला तेलातून ताकद पुढे देणारा टॉर्क कन्व्हर्टर जोडलेला असतो. मॅन्युअलला तिथे जाड फ्लायव्हील लागतं, त्यावर क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, पुढे रिलीज बेअरिंग. फ्लायव्हील जाड म्हणून त्याचे बोल्टही लांब. जुनेच आखूड बोल्ट आवळून दिलेली एक गाडी दुसरीकडून आमच्याकडे आली होती. बोल्ट चार-पाच आट्यांवर धरलेले होते. हायवेला ते सुटले असते तर काय झालं असतं, याचा विचारही नको.

मग सेल्फ बघायचा, कारण कुठे तोच चालतो, कुठे बदलावा लागतो. ॲक्सलची लांबी आणि टोकाचे दाते मॅन्युअलच्या गिअरबॉक्सला जुळतात का, ते बघायचं. गिअरबॉक्सची माउंटिंग वेगळी निघते. स्पीडोमीटरची केबल जिथे बसते तो छोटा गिअर तपासला नाही, तर काटा खोटं बोलतो. रेडिएटरच्या टाकीतून ऑटोमॅटिकचं तेल थंड होऊन येत असतं, ती दोन तोंडं नीट बंद करायची.

पेडलमध्ये सगळ्यात जास्त वेळ जातो. ऑटोमॅटिकचा ब्रेक पेडल रुंद असतो. तो तसाच ठेवून शेजारी क्लचचा पेडल वेल्डिंग करून बसवणारे आहेत, आम्ही त्यातले नाही. आम्ही मॅन्युअल गाडीचा पूर्ण पेडल सेट घेतो. पुष्कळ गाड्यांची बॉडी दोन्ही प्रकारांना एकच असते, त्यामुळे क्लच केबलचं भोक फायरवॉलवर, म्हणजे इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यावर, कंपनीनेच पाडलेलं असतं आणि त्यावर रबराचं बूच बसवलेलं असतं. ते बूच सापडलं की मिस्त्रीचा चेहरा खुलतो.

वायरिंगची गोष्ट वेगळीच. ऑटोमॅटिक गाडी पी (पार्क) किंवा एन (न्यूट्रल) मध्ये असेल तरच सेल्फ मारते, तसा स्विच गिअरबॉक्सवर असतो. गिअरबॉक्स गेला की स्विचही गेला. त्याच्या दोन वायरी पिळून जोडल्या की गाडी चालू होते, पण मग गिअरमध्ये असतानाही सेल्फ लागतो आणि गाडी पुढच्या भिंतीवर उडी मारते. आम्ही तिथे क्लच पेडलचा स्विच घेतो. रिव्हर्सच्या दिव्याची वायर नव्या गिअरबॉक्सपर्यंत न्यायची, हेही बरेच जण विसरतात. झेनमध्ये एवढ्यावर भागलं, कारण तिचं इंजिन कॉम्प्युटरवर चालणारं नव्हतं. नंतरच्या गाड्यांमध्ये ईसीएमला, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरला, गिअरबॉक्स सापडला नाही की तो एरर देतो, काही गाड्या पळायलाच नाही म्हणतात. मग मॅन्युअलचा ईसीएम आणा, तो चोरी रोखणाऱ्या इमोबिलायझरला आणि चावीला जुळवा.

म्हणून अण्णांची मेलेली गाडी. त्याच मॉडेलची, त्याच इंजिनाची कटिंगला निघालेली गाडी मिळाली, तर एकेका सुट्या भागासाठी कुर्ल्याच्या भंगार गल्ल्या पालथ्या घालाव्या लागत नाहीत. अशी गाडी मिळाली नाही, तर आम्ही कामाला हातच लावत नाही. गिऱ्हाईक रागावून जातं, जाऊ दे.

कागदांचंही सांगतो. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीतला तपशील कंपनीच्या मूळ तपशिलाशी जुळणार नाही असा बदल गाडीत करता येत नाही. गाडी एमएच १८ ची असो, १९ ची की ३९ ची, मालकाने आधी आरटीओत विचारावं, विमा कंपनीला लेखी कळवावं. त्याचा कागद आल्याशिवाय आम्ही जॉब कार्ड बनवत नाही.

२०१४ मध्ये मारुतीने सेलेरिओत एएमटी (ऑटोमेटेड मॅन्युअल) आणली आणि आमच्या धंद्याची दिशाच फिरली. आत गिअरबॉक्स मॅन्युअलचाच, क्लच प्लेटही साधीच. फक्त क्लच दाबायला आणि गिअर टाकायला पाय-हातांऐवजी हायड्रॉलिक ॲक्च्युएटर. आता असे मालक येतात की गाडी झटके मारते, चढावर मागे येते, मॅन्युअल करून द्या. बहुतेक वेळा क्लच प्लेट संपलेली असते. ती बदलायची, स्कॅनर लावून क्लच कुठे पकडतो तो पॉइंट गाडीच्या कॉम्प्युटरला नव्याने शिकवायचा, आणि लळिंगच्या चढावर ट्रायल घ्यायची. हे स्कॅनरचं काम माझी पुतणी बघते. अण्णा तिच्या मागे उभे राहून स्क्रीन वाचायचा प्रयत्न करतात आणि शेवटी विचारतात, "काय म्हनस गाडी?"

खऱ्या ऑटोमॅटिकमध्येही आधी तेल बघतो. कितीदा तरी ते कधीच बदललेलं नसतं, काळं आणि जळका वास मारणारं. कधी एखादा सोलेनॉइड, म्हणजे तेलाची वाट उघडबंद करणारा विजेचा व्हॉल्व्ह, गेलेला असतो. गुडघे दुखतात म्हणून किंवा एक पाय अधू आहे म्हणून ऑटोमॅटिक घेतलेल्या माणसाला तर आम्ही सरळ सांगतो, ही मॅन्युअल करू नका, दुरुस्तीचा खर्च करा. आमचं नाव मॅन्युअल करून देणारे म्हणून पसरलं आणि आम्ही जास्त गाड्या मॅन्युअल न करताच परत पाठवतो, यावर बाजारात आमची थट्टाही होते.

शिरपूर, साक्री, शहादा, अमळनेर, कुठूनही गाडी आणा, बघायचे पैसे घेत नाही. एवढंच करा, पुढची चाकं फिरवणारी ऑटोमॅटिक ट्रॅक्टरला दोरी बांधून ओढत आणू नका. तिचा तेलाचा पंप इंजिनवर चालतो. इंजिन बंद आणि चाकं फिरतायत, म्हणजे गिअरबॉक्स कोरडा फिरतो. जो वाचवता आला असता तो रस्त्यातच संपतो. पुढची चाकं उचलून आणा, नाहीतर छोट्या टेम्पोत चढवून.